तार कुठे गेली

"काय चढवतेस गं या जाळीवर?" बाबांनी विचारलं, आणि मी हसले. हसले कारण प्रश्न त्यांच्या मुलामा चढवायच्या धंद्यातला होता, माझ्या नव्हे. बुधवारची सकाळ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पट्टी काढून झाली होती, घरी जाताना मला प्रयोगशाळेत दोन मिनिटांचं काम होतं, आणि बाबांना गाडीत बसवून ठेवणं बरं दिसेना म्हणून त्यांना वर आणलं होतं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. नव्या डोळ्याने जग निळसर दिसतं आणि जुन्याने पिवळट, हा शोध त्यांनी पट्टी निघाल्या निघाल्या लावला होता, आणि तेव्हापासून ते दिसेल ती वस्तू आळीपाळीने एकेक डोळा मिटून तपासत होते. जिना, लिफ्टमधला आरसा, माझं तोंड. माझ्या तोंडाबद्दल म्हणाले, "पिवळ्या डोळ्याला तू बरी दिसतेस." प्रयोगशाळेत मी त्यांच्या डोळ्यांवर आमचा जाड चष्मा चढवला आणि माझ्या भांड्यासमोर स्टुलावर बसवलं. "काही चढवत नाही, बाबा," मी म्हणाले, "पाण्यातून हायड्रोजन काढतेय. ते बारीक बुडबुडे दिसतात ना, तो." त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. बुडबुड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भांड्याच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "ही तार वर जाड आहे आणि पाण्याच्या रेघेपासून खाली बारीक. खाल्ली गेलीय. चढवत नाहीस म्हणतेस, मग तार कुठे गेली?"

त्यांनी हे सहज विचारलं होतं, घरात चष्मा कुठे गेला असं विचारावं तसं. उत्तराची वाटही न बघता ते खिडकीकडे वळले आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीचा रंग कोणत्या डोळ्याला खरा दिसतो ते बघू लागले. मी मात्र वाकून तार जवळून बघितली. ती तार प्लॅटिनमची होती. तिला खाणारं काही त्या भांड्यात नाही, असं मी चार वर्षं धरून चालले होते.

माझं काम काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे ती तार का खटकली ते कळेल. पाण्यात पोटॅश, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा जळजळीत क्षार, विरघळवायचं, दोन बाजूंना धातू बुडवायचे आणि वीज सोडायची. एका बाजूने हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. पाणी आम्ल असेल तर हायड्रोजन जवळजवळ सुटाच मिळतो. पोटॅशच्या पाण्यात तसं नाही, तिथे आधी पाण्याचा रेणू तोडावा लागतो आणि मग हायड्रोजन हाती येतो, म्हणून काम रेंगाळतं आणि वीज जास्त जाते. प्लॅटिनम हे काम झटपट करतं, पण प्लॅटिनम लावून कोणी कारखाना चालवत नाही. निकेलला जमत नाही असं नाही, पण त्याच्या मागे लागावं लागतं. तर माझा उत्प्रेरक निकेलचा: निकेलच्या जाळीवर निकेल आणि मॉलिब्डेनमचे कण, असे शेजारी शेजारी बसवलेले की एकाने पाणी तोडावं आणि दुसऱ्याने हायड्रोजन धरावा आणि वेळेवर सोडावा. धरायचं आणि सोडायचं, दोन्ही बेताने. घट्ट धरलं तरी वाया, सैल धरलं तरी वाया. उत्प्रेरक किती चांगला हे एका आकड्यावरून कळतं: असायला हवी त्यापेक्षा किती जादा वीज रेटावी लागते, मिलिव्होल्टमध्ये. आकडा जितका लहान तितकं उत्तम. साध्या निकेलचा दोनशेवीस. माझ्या जाळीचा पहिल्या दिवशी एकशेतीसच्या आसपास आणि वापरता वापरता दहाव्या दिवशी एकेचाळीस. प्लॅटिनमच्या तोडीस तोड. सगळे म्हणायचे, वा, प्लॅटिनमसारखं काम करते. मीही म्हणायचे.

घरी येताना बाबा दुकानांच्या पाट्या वाचत होते, सगळ्या, मोठ्याने. मी हं हं म्हणत होते आणि डोक्यात तीच तार फिरत होती, पाण्याच्या रेघेपर्यंत जाड आणि खाली बारीक. हा आकार मी ओळखायला हवा होता. तो मला अक्षर ओळखण्याच्या आधीपासून माहीत होता. बाबांचा निकेल चढवायचा कारखाना होता, कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि तीन टाक्या. नळ, कड्या, सायकलच्या घंट्या, खुर्च्यांचे पाय. मधल्या टाकीत हिरवंगार पाणी, त्यात एका बाजूला निकेलच्या सळ्या लटकवलेल्या, कापडाच्या पिशव्या घातलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला तारेच्या आकड्यांना अडकवलेले नळ. शाळा सुटल्यावर नळ आकड्यांना अडकवायचं काम माझं. सळी झिजायची आणि नळ चकाकायचा. पिशवीतून काढलेली सळी चोखून चोखून बारीक केलेल्या गोळीसारखी दिसायची, पाण्याच्या वरचा तुकडा तेवढा जसाच्या तसा. "इकडचं जातं, तिकडे चढतं," बाबा म्हणायचे, "वीज काही नवीन आणत नाही, नुसती हमाली करते." सहा वर्षांची असताना मला हे पाठ होतं. पुढे मी याच विषयात मोठी पदवी घेतली, भिंतीवर लावली आणि जाड पुस्तकांतून तेच वाक्य समीकरणांत शिकले. कॉलेजच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'धातुकाम' असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं, पण त्यातून टाक्या, वास आणि बाबांची हिरवट नखं काढून टाकली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा, फक्त या अंधारात मी आपणहून जाऊन बसले होते.

जेवताना बाबांनी विचारलं, "मी तिथे काही चुकीचं बोललो का?" मी म्हणाले, "नाही. जेवा." आमच्या घरात आम्ही दोघंच, त्यामुळे गप्प बसलेलं लगेच ऐकू येतं. ते थोडा वेळ एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. "तुझी ती जाळी," ते म्हणाले, "वापरून वापरून सुधारते असं तू मागे सांगत होतीस. मी साठ वर्षं धातूत घालवली. वापरून झिजणाऱ्या वस्तू पाहिल्या, वापरून सुधारणारी एकही नाही. माणसं सुधारतात म्हणतात, पण तेही ऐकीव." मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण जाळी का सुधारते याच्यावर आम्ही नऊ पानं लिहिली होती. पृष्ठभागाची पुनर्रचना. धाकटीने लिहिली होती ती पानं, सुरेख लिहिली होती, त्यात बाण होते, रंगीत गोळे होते आणि कण आपोआप जागा बदलून कसे नीट बसतात ते दाखवलं होतं. धाकटी म्हणजे माझी सहकारी, एकोणतीस वर्षांची. सगळा मजला तिला धाकटी म्हणतो, तिच्यानंतर तिच्याहून लहान तिघं आली तरी. लेख स्वीकारला गेला होता आणि त्यावर तिचं नाव पहिलं होतं. सोमवारी एका कारखान्याची माणसं ही जाळी बघायला येणार होती. बाबांच्या एका प्रश्नाने हे सगळं जाणार होतं किंवा राहणार होतं, आणि काय ते कळायला एक दुपार पुरेशी होती.

मग मी लगेच का उठले नाही? ताट घासलं, बाबांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले, आधीच दुमडलेले कपडे पुन्हा दुमडले. मला वाटतं मी स्वतःशी घासाघीस करत होते. चार वर्षांत मी किती जपून वागले होते! पोटॅशचं पाणी काच खातं म्हणून काचेचं भांडं वापरलं नाही, प्लॅस्टिकचं घेतलं. पोटॅशमध्ये लोखंडाचा अंश असतो म्हणून ते आधी दोनदा गाळून साफ केलं. हातमोजे, चिमटे, सगळं वेगळं. दाराला सात कुलपं लावली होती. आणि चोर घरातच होता, मानाच्या पाटावर बसवलेला. प्लॅटिनम खानदानी धातू, गंजत नाही, विरघळत नाही, कुणात मिसळत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. खरं तर ऑक्सिजनच्या बाजूला लावलं की तेही विरघळतं, थोडं थोडं, हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांच्या लेखांवर ताशेरे ओढताना लिहिलंही होतं. स्वतःच्या भांड्यात मात्र मी धातूचं घराणं बघितलं होतं. निकेल म्हणजे आमच्या लांब खोलीतलं, नळांना चढणारं, हिरव्या नखांचं. प्लॅटिनम म्हणजे मी जिथे पोचले तिथलं. आणि यापेक्षाही वाईट एक गोष्ट कपडे दुमडता दुमडता आठवली. दीड वर्षापूर्वी एकदा धाकटीने तार दोन बोटं खाली सरकवली होती. "पोचत नाहीये, मॅडम," म्हणाली होती. मी म्हणाले होते, "सरकव." तार आपोआप आखूड कशी झाली, हे मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं. ते वाटणं मला अगदी स्पष्ट आठवतं, नाकाशी आलेली शिंक परत जावी तसं ते आलं आणि गेलं. त्या आठवड्यात आकडा आणखी खाली आला होता आणि आम्ही सगळ्यांना चहा पाजला होता.

तीन वाजता मी परत प्रयोगशाळेत गेले. बाबा म्हणाले, "मीही येतो." मी नको म्हणाले. ही गोष्ट मला एकटीने करायची होती, निदान पहिला अर्धा तास तरी. तार काढली, धुतली, वाळवली आणि काट्यावर ठेवली. नवी आणली तेव्हाचं वजन तिच्या डबीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. सत्तावीस मिलिग्रॅम कमी. मीठ चिमटीत घ्यावं त्याहून कमी, पण जाळीच्या अंगावर पसरायला ते भरपूर होतं. इतकी वर्षं हा काटा तारेपासून चार पावलांवर होता. मी पुन्हा वजन केलं. तेच आलं. भीती घरी, कपड्यांपाशीच राहिली होती. इथे नुसतं काम होतं, आणि काम मला येतं.

धाकटी आली तेव्हा मी नवं भांडं मांडत होते. नवं पाणी, आजवर कोणीही न वापरलेली कोरी जाळी, आणि तारेच्या जागी कार्बनची कांडी. कांडीचं काळं जाळीकडे येऊ नये म्हणून मध्ये पडदा. तिने कांडी बघितली, मग काट्याशेजारची डबी बघितली, आणि मला काही सांगावं लागलं नाही. हुशार माणसांना वाईट बातमी द्यायला फार सोपं जातं आणि फार अवघडही.

"किती?" ती म्हणाली.

"सत्तावीस."

"मॅडम, माझी नऊ पानं."

"हो."

"मी त्या गोळ्यांना रंग द्यायला दोन महिने घालवलेत!" ती खाली बसली. मग म्हणाली, "तार मीच खाली सरकवली होती. आठवतंय तुम्हाला? मला तेव्हाच वाटलं होतं की..." ती थांबली.

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. म्हटलं तुम्ही म्हणताय तर सरकवू."

मी म्हणाले, "मलाही वाटलं होतं. मी तुझ्याहून तेवीस वर्षांनी मोठी आहे, विचारायचं काम माझं होतं." ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, तिला राग आला होता आणि तो राग मला आवडला. तिने माझ्या हातातून चिमटा घेतला आणि जाळी स्वतः अडकवली, "तुमचा हात आज नको" असं म्हणून. मग वीज सोडली. संगणकाच्या पडद्यावरची रेघ निघाली, वळली आणि एका जागी स्थिरावली. एकशेएकतीस. पहिल्या दिवशी नेहमी असतो तेवढाच. त्याच्यात काही बातमी नव्हती. बातमी पुढच्या तासांत येणार होती: नेहमी तिसऱ्या तासापासून आकडा उतरायला लागायचा. आम्ही दोघी समोर बसलो. एरवी आकडा कमी व्हावा म्हणून श्वास रोखून बसणाऱ्या आम्हाला आज काय मागावं तेच कळत नव्हतं. उतरला तर जाळी खरोखर सुधारते आणि लेख वाचतो. नाही उतरला तर सगळं प्लॅटिनमचं. चौथा तास झाला. एकशेएकतीस. धाकटी हळूच म्हणाली, "चढतही नाहीये मात्र." मी म्हणाले, "घरी जा." ती गेली नाही, बिस्किटं घेऊन आली.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली जुनी जाळी ठेवली. निकेलच्या अंगावर प्लॅटिनमचे ठिपके, जागोजाग, हातच्या काकणाला आरसा कशाला. नव्या भांड्यात आकडा तसाच होता. मी दार लावून आमच्या विभागप्रमुखांना फोन केला. त्यांना सगळे सर म्हणतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एक मोठा श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"हे अजून कोणी पाहिलंय का?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण प्रश्न मला कळला. मलाही तो आदल्या दुपारी कपडे दुमडताना पडलेला होता.

"माझ्या वडिलांनी पाहिलंय," मी म्हणाले.

"ते कोण असतात?"

"नळांना निकेल चढवायचे. आता ऐंशीचे आहेत. त्यांनीच पकडलं, मी नाही."

मग सर हसले, मनापासून नाही, पण हसले. "मग संपलंच," ते म्हणाले. "लेख मागे घ्या. सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून सांगतो."

"नको म्हणून सांगू नका," मी म्हणाले. हे मी ठरवलं नव्हतं, तोंडून निघालं. "येऊ देत. जेवढं आहे तेवढं मी दाखवते." सर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करून घेताय," आणि फोन ठेवला, पण नाही म्हणाले नाहीत.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. नव्या डोळ्याचं त्यांचं कौतुक ओसरलं. "मी बोललोच नसतो तर बरं झालं असतं," म्हणाले. "किती गेलं तारेचं?" सत्तावीस मिलिग्रॅम म्हटल्यावर ते चकित झाले. "बस्स? त्याने एवढं रामायण? मी तर रोज किलो किलो खायला घालायचो." मग त्यांनी विचारलं, "आणि तुझं स्वतःचं, निकेलचं, किती उरलं?" साध्या निकेलला दोनशेवीस लागतात, माझ्या जाळीला एकशेएकतीस, असं मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग दोनशेवीसवरून एकशेएकतीस कोणी आणलं? ते तर तारेने नाही आणलं ना?" मी नाही म्हणाले. "मग रडतेस कशाला?" मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की मी रडतेय. दुःखाचं नव्हतं ते. चार वर्षं घट्ट मिटून ठेवलेली मूठ उघडल्यावर बोटांत मुंग्या याव्यात तसं काहीतरी होतं, आणि सांगायला लाज वाटते पण मला खूप बरं वाटत होतं. त्या रात्री मी लहान मुलीसारखी झोपले.

शुक्रवार, शनिवार, रविवार भांडं चालू होतं. मी रोज जाऊन बघून यायचे. एकशेएकतीस. रविवारी बाबा बरोबर आले आणि कांडीकडे बघून म्हणाले, "आता ही खाल्ली जाईल." मी म्हणाले, "जाईल. पण हिचं जाळीवर चढलं तरी फायदा काही नाही." त्यांना ते पटलं. मग ते स्टुलावर बसून पहिल्यांदाच बुडबुड्यांकडे बघत राहिले, आणि मी त्यांना पाणी कसं तुटतं, कोण धरतं, कोण सोडतं ते सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी नीट सांगितलं नव्हतं. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि मध्येच शंका विचारत होते. दोन शंकांची उत्तरं मला आली नाहीत.

सोमवारी कारखान्याची चार माणसं आली. मी त्यांना आधी तार दाखवली, मग डबीवरचं वजन, मग जुनी जाळी आणि तिच्यावरचे ठिपके. एकेचाळीस हा आकडा प्लॅटिनमचा होता, माझा नव्हे, असं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तिसऱ्याने घड्याळाकडे. सर खिडकीपाशी उभे होते आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं बघत होते. चौथ्या एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, इंजिनियर. त्यांनी चालू भांड्याकडे बोट केलं.

"याचा पहिल्या दिवशी किती होता?"

"एकशेएकतीस."

"आणि आज?"

"एकशेएकतीस. आज एकशेचौदा तास झाले."

त्या वाकून पडद्यावरच्या रेघेवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेल्या. सपाट, कंटाळवाणी रेघ होती ती. "आमच्याकडे येतो तो पहिल्या दिवसाचा आकडा घेऊन येतो," त्या म्हणाल्या. "महिन्याभराने तो आकडाही नसतो आणि तो माणूसही. आमचं पाणी तुमच्यासारखं गाळलेलं नसतं हो, घाण असतं. एक तुकडा द्याल का? आमच्या पाण्यात बुडवून बघते. टिकला तर बोलू, नाही टिकला तर तेही कळवीन."

आजवर तिघांनी माझ्याकडे जाळीचा तुकडा मागितला होता. तिन्ही वेळा मी अजून तयार नाही, पुढच्या महिन्यात देते, नवी खेप येऊ दे, असं काहीतरी सांगून टाळलं होतं, आणि का टाळते हे स्वतःलाही विचारलं नव्हतं. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिला ती तिन्ही कारणं पाठ होती, दोन पत्रं तर तिनेच लिहिली होती.

"केवढा हवा?" मी विचारलं.

"तळहाताएवढा पुरे."

"दोन घेऊन जा," मी म्हणाले आणि धाकटीकडे कात्री मागितली.